जुन्या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) इमारतींना बाहेरून लोखंडी जिना सक्तीचा करावा का?

भांडुपकर
६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी या एसआरए इमारतीत तळमजल्याच्या पार्किंगला आग लागली. कपड्यांचे गठ्ठे पेटले, गाड्या पेटल्या, धूर वर चढला. सात जीव गेले. माझं मत स्पष्ट आहे. एकच जिना असलेल्या अशा प्रत्येक इमारतीला बाहेरून लोखंडी जिना सक्तीचा करा, आणि खर्च सरकारने उचलावा. पार्किंग पेटलं की आतला जिना धुराडं होतो. मग बंब वेळेत पोहोचला तरी वरचा माणूस उतरणार कुठून?

सुजाता के.
जिना टेकवणार कुठे? या योजनांत इमारतीभोवती मोकळी जागा सोडण्याच्या नियमात आधीच सवलत दिलेली. आमच्या दोन विंगांच्या मधून बंब वळत नाही. तिथे जिना उभा केला तर उरलीसुरली वाटही गेली. त्यापेक्षा आहे तो जिना वाचवा. प्रत्येक मजल्यावर आग-धूर अडवणारं, आपोआप मिटणारं फायर डोअर, आणि वायरिंगच्या डक्टला मजल्यागणिक बंदिस्ती. मीटर रूमशेजारी दुचाकी लावायला बंदी.

भांडुपकर
फायर डोअरला लोक वीट लावून ते उघडंच ठेवतात, ताई. लोखंडी जिना कुणाला उघडा-बंद करावा लागत नाही.

माजी सेक्रेटरी
दोघंही नवं काय बसवायचं ते बोलताय, आहे त्याकडे कोण बघणार? २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. आमच्याकडे पंप सुरू न करताच त्यावर सही झाली होती. होज बॉक्समधले पाइप चोरीला गेलेले, तरी कागद व्यवस्थित. एसआरएत बिल्डरने घरामागे २० हजार देखभालीसाठी ठेवायचे असा जुना नियम. त्याच्या व्याजात लिफ्टसुद्धा भागत नाही. उद्या जिना फुकट मिळाला तरी तो गंजणार. आधी देखभालीचा पैसा कुठून येणार ते ठरवा, मग सक्तीची भाषा करा.

रेखा, सहावा मजला
माझ्या सासूबाई ८० च्या पुढच्या. त्या बाहेरच्या उघड्या जिन्यावरून उतरूच शकत नाहीत. रेफ्यूज एरियाची, म्हणजे आगीत थांबायला राखीव सुरक्षित जागेची, अट जास्त उंच इमारतींना, आमची सात मजली त्यात बसत नाही. म्हणजे आग लागली तर त्यांनी दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबून खिडकीशी थांबायचं, एवढंच हातात आहे. आणि खिडकीला काय? पेटीसारखी बाहेर आलेली ग्रिल, तिला उघडायला दारच नाही! शिडी खिडकीपर्यंत आली तरी जवान आधी ग्रिल कापत बसणार. आमच्या मजल्यावर मी दोन घरांना ग्रिलमध्ये कडीचं दार करून घ्यायला लावलं. बाकीचे चोरांचं कारण देतात.

सुजाता के.
रेखाताई, हे सोसायटीच्या सभेत ठराव करून सगळ्यांना लावता येईल. पालिकेची वाट बघायची गरज नाही.

भांडुपकर
ग्रिलचं शंभर टक्के पटलं. पण म्हणून जिन्याची मागणी मागे घेणार नाही. सासूबाई थांबतील, पण तिसरीतली पोरं आणि त्यांची आई? जिथे मागच्या बाजूला जागा आहे, अशा इमारतींची यादी वॉर्डवार व्हायला हवी. पहिले जिने तिथे लावा.