घटस्फोटित नवऱ्याचा थकलेला कर बायकोकडून वसूल होतोय (अमेरिका)

प्रश्न: बहीण न्यू जर्सीत असते. लग्नानंतर जॉइंट रिटर्न (नवरा-बायकोचं एकत्र करविवरण) भरले होते. नवऱ्याने धंद्यातलं उत्पन्न लपवलं, आता आयआरएसची (अमेरिकेचं केंद्रीय कर खातं) नोटीस तिच्या नावे आली आहे. घटस्फोटाच्या हुकुमात 'कर नवरा भरेल' असं लिहिलंय. ते दाखवून भागेल का?

उत्तर १: नाही. जॉइंट रिटर्नवर सही असली की पूर्ण रकमेला दोघंही जबाबदार. कोर्टाचा हुकूम त्या दोघांपुरता, आयआरएसवर बंधनकारक नाही. फॉर्म ८८५७ (जोडीदाराच्या चुकीच्या करातून सुटका मागण्याचा अर्ज) भरा. तो रिटर्नला जोडू नका, स्वतंत्र पाठवा. फॉर्म ८३७९ वेगळा, तो जोडीदाराच्या कर्जात वळता झालेला आपला रिफंड सोडवण्यासाठी. यात हमखास गल्लत होते.

उत्तर २: फॉर्म ८८५७ ची मुदत बघा. वसुलीची पहिली कारवाई, उदाहरणार्थ रिफंड वळता करणं, तिथून २ वर्षं. ती उलटली तरी न्याय्य सवलतीचा (इक्विटेबल रिलीफ, म्हणजे परिस्थिती बघून दिलेली सूट) मार्ग उरतो, वसुलीची मुदत (साधारण १० वर्षं) संपेपर्यंत. उत्पन्न दाखवलं पण कर भरलाच नाही, अशा थकबाकीलाही हाच एक मार्ग.

अर्ज बहुतेक अडकतो तो 'तिला माहीत होतं का' यावर. बँकखाती कोण बघायचं, सही दबावाखाली झाली का, हे कागदांनिशी लिहा. नुसतं 'मला काही ठाऊक नव्हतं' चालत नाही.

उत्तर ३: अर्ज आल्याचं आयआरएस माजी नवऱ्याला कळवतंच, मारहाणीचं प्रकरण असलं तरी. तिचा नवा पत्ता मात्र देत नाही. अंतिम नकार आला तर टॅक्स कोर्टासाठी ९० दिवस. राज्याच्या कराचा अर्ज वेगळा.