संकटातल्या पत्रकाराला देशाबाहेर काढायचं की आहे तिथेच टिकवायचं? (टोपणनावांनी लिहिणाऱ्यांचा वाद)

उंबरठा

पत्रकाराला धमकी आली की मदत करणाऱ्या संस्थांमध्ये पहिला प्रश्न हल्ली 'कुठल्या देशाचा व्हिसा बघायचा?' हाच असतो. माझं मत उलट आहे. देश सोडायला लावणं हा शेवटचा उपाय हवा आणि आणीबाणीच्या निधीतला मोठा वाटा माणूस आपल्याच देशात टिकावा यासाठी खर्च व्हावा.

आधी पैशांचं बोलू. मानवाधिकार रक्षकांना मदत करणाऱ्या संस्थांपैकी फ्रंट लाइन डिफेंडर्सचं संरक्षण अनुदान ७,५०० युरोपर्यंत मिळतं, प्रोटेक्टडिफेंडर्सचं आणीबाणीचं अनुदान १०,००० युरोपर्यंत. चौघांचं कुटुंब हलवायचं म्हटलं तर तिकिटं, व्हिसाशुल्क, आरोग्य विमा, घराची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं यातच ही रक्कम संपते. चौथ्या महिन्यात काय, याचं उत्तर अर्जात कुठेच नसतं.

दुसरं असं की पुष्कळ धमक्या एका ठरावीक बातमीशी बांधलेल्या असतात. कुणी खाणमालक, कुणी महापौर, कुणी ठाणेदार. बातमी छापून आल्यावरचे काही आठवडे आणि नंतर कोर्टातल्या तारखेच्या आसपासचे दिवस जोखमीचे. तेवढ्या काळापुरतं दुसऱ्या शहरात भाड्याचं घर, वकिलाची फी, नवा फोन, दाराला कॅमेरा आणि चांगलं कुलूप एवढ्यावर पुष्कळ प्रकरणं निभावतात. बातमीदारीही चालू राहते. माणूस बाहेर गेला की त्याच्या भागातल्या बातम्या थांबतात, आणि धमकी देणाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच.

तिसरं तुरुंगातल्यांचं. १ डिसेंबर २०२४ रोजी सीपीजेच्या (कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स) मोजणीत ३६१ पत्रकार तुरुंगात होते. त्यांना व्हिसाचा काय उपयोग? तिथे पैसा लागतो तो वकिलाला, औषधांना, भेटीला जाणाऱ्या घरच्यांच्या प्रवासाला. ही मदत दोन-दोन वर्षं द्यावी लागते, आणि नेमकी तीच 'आणीबाणी'च्या व्याख्येत बसत नाही म्हणून नाकारली जाते.

कोर्टकचेरी

असहमत, आणि तेही मुळापासून. तुमचं गणित धमकी देणारा स्थानिक असेल तरच जुळतं. सरकारच मागे लागलं असेल तर शहर बदलून फक्त अटकेचा पत्ता बदलतो. सिमकार्डाला ओळखपत्र, हॉटेलात ओळखपत्र, भाडेकराराची नोंद, रस्त्यावर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे. लपणार कुठे?

आणि वेळ मिळतो असंही समजू नका. सैन्याबद्दल 'खोटी माहिती' दिल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास देणारा रशियाचा कायदा ४ मार्च २०२२ रोजी संसदेत मंजूर झाला आणि त्यावर सहीही त्याच दिवशी झाली. निकाराग्वाने फेब्रुवारी २०२३ मध्ये २२२ कैद्यांना विमानात बसवून देशाबाहेर काढलं आणि आठवड्याभरात आणखी ९४ जणांचं नागरिकत्व काढून घेतलं. त्यांत पत्रकारही होते.

'शेवटचा उपाय' हा शब्दप्रयोगच घातक वाटतो. विमानतळावरून सरळ बाहेर पडण्याची वाट गुन्हा नोंदवला जाईपर्यंतच मोकळी असते. प्रवासबंदी लागली किंवा पासपोर्ट जप्त झाला की 'शेवटचा' उपाय उरतच नाही. तालिबान आल्यावर काबूलमध्ये ऑगस्ट २०२१ ला हेच दिसलं. शिफारसपत्रं होती, यादीत नावं होती, पण कितीतरी कुटुंबांत बायकामुलांचे पासपोर्टच नव्हते. तहान लागल्यावर विहीर खणायला लोक धावले.

म्हणून व्हिसा घेऊन ठेवणं आणि प्रत्यक्ष निघणं या दोन गोष्टी वेगळ्या धरा. पहिली लवकर करायची, दुसरी गरज पडली तर.

त्यातही खाचखळगे आहेत. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक, अल्पमुदतीच्या व्हिसासाठी पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा हवा, दोन कोरी पानं हवीत. मुलं असतील तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र लागतं, आणि घटस्फोटाची केस चालू असेल तर गाडी तिथेच अडते. पण खरी मेख वेगळी आहे. या व्हिसासाठी तुम्ही मुदतीत परत जाल अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. धमक्यांचे पुरावे फाइलला जोडले की तेच नकाराचं कारण ठरू शकतं. दडवले तर पुढे आश्रय मागताना 'आधी का बोलला नाहीत?' असा प्रश्न येतो. त्यामुळे अशी प्रकरणं काउंटरवर नेऊ नयेत. मदत करणाऱ्या संस्थेचं पत्र थेट परराष्ट्र मंत्रालयात जावं, आणि मागणी युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेच्या कलम २५ खालच्या, फक्त त्या एका देशापुरत्या व्हिसाची किंवा त्या देशाच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाची असावी.

उंबरठा

कोर्टकचेरी, तुम्ही जे सांगताय ते मंत्रालयात ओळख असलेल्या संस्थेलाच जमतं. मीडिया फ्रीडम कोअलिशन या देशांच्या आघाडीच्या कायदेतज्ज्ञ समितीने पत्रकारांसाठी वेगळा आणीबाणी व्हिसा असावा अशी शिफारस २०२० मध्येच केली. त्यावर कागदी घोडेच जास्त नाचले. कॅनडाने २०२१ मध्ये मानवाधिकार रक्षकांसाठी वाट काढली, पण वर्षाला २५० जागा, त्याही पत्रकारांसह सगळ्यांना मिळून. पुढे त्या ५०० केल्या. त्यातही अट अशी की अर्जदार आधीच स्वतःच्या देशाबाहेर असला पाहिजे. मग मधल्या काळात तो शेजारच्या देशात पर्यटक म्हणून बसतो. काम करायची परवानगी नाही, मुलांना शाळा नाही, ९० दिवसांनी पुन्हा सीमा ओलांडायची.

आणि बाहेर म्हणजे सुरक्षित हे कुणी सांगितलं? सौदी पत्रकार जमाल खशोगी २ ऑक्टोबर २०१८ ला इस्तंबूलमधल्या स्वतःच्या देशाच्या वकिलातीत लग्नाचे कागद आणायला गेले आणि तिथेच मारले गेले. २३ मे २०२१ ला अथेन्सहून विल्नियसला जाणारं विमान बेलारूसने मिन्स्कला उतरवलं आणि त्यातल्या रमान प्रातासेविच या पत्रकाराला पकडलं. आगीतून फुफाट्यात पडण्याची ही दोन सरळ उदाहरणं.

कोर्टकचेरी

या उदाहरणांवरून बाहेर पडू नये असं ठरत नाही. कसं पडू नये ते ठरतं. स्वतःच्या देशाच्या वकिलातीत पाय ठेवायचा नाही. तिकीट काढताना विमान कुठल्या आकाशातून जातं आणि कुठे थांबतं ते बघायचं. कमी पैशांत मिळतं म्हणून धोक्याच्या देशातलं ट्रान्झिट घ्यायचं नाही. आपल्या सरकारने इंटरपोलमार्फत रेड नोटीस (परदेशात शोधून पकडण्याची विनंती) काढली असण्याची शंका असेल तर प्रवासाआधी वकिलामार्फत इंटरपोलच्या फाइल नियंत्रण आयोगाकडे चौकशी करायची. इंटरपोलच्या घटनेचं कलम ३ राजकीय स्वरूपाच्या प्रकरणांना मनाई करतं, आणि त्याच आधारावर नोंद काढून टाकायची मागणी करता येते. फक्त तिला महिने लागतात, म्हणून लवकर.

सिमकार्ड

तुम्ही दोघं पहिला दिवस सोडूनच वाद घालताय. रहा किंवा जा, फोन तोच राहिला तर दोन्ही योजना समोरच्याला आधीच कळतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाबरून फोन फॅक्टरी रीसेट केल्याने. पेगाससच्या जातीच्या हेरगिरीच्या खुणा लॉगमध्ये राहतात. रीसेट केलं की त्या जातात, मग तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि कोर्टात दाखवायलाही काही उरत नाही. क्रम असा ठेवा: संशयित फोनवर संवेदनशील बोलणं लगेच बंद. तो फोन सोबत नेऊ नका, घरीच ठेवा, आणि त्याच्यावरून मदतही मागू नका. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून ॲक्सेस नाऊच्या डिजिटल सुरक्षा हेल्पलाइनला लिहा. ती चोवीस तास चालते आणि दोन तासांत उत्तर देण्याचं तिचं धोरण आहे. आयफोन असेल तर एन्क्रिप्टेड बॅकअप घेऊन तपासायला द्या, ॲम्नेस्टीच्या एमव्हीटी या साधनाने तो तपासता येतो. नव्या फोनवर लॉकडाउन मोड, म्हणजे हेरगिरीच्या वाटा कमी करणारी आयफोनची सेटिंग, चालू ठेवा (आयओएस १६ पासून आहे). ईमेलची टू-फॅक्टर पडताळणी एसएमएसवर असेल तर ती ॲपवर किंवा सिक्युरिटी कीवर न्या, कारण सिम कंपनीच्या काउंटरवरून नंबर दुसऱ्याच्या नावे होऊ शकतो.

नवरा किंवा बायको आणि मोठ्या मुलांचे फोनही यात धरा. आपलं फेसबुक बंद करून बसलेल्या माणसाचा ठावठिकाणा मुलीच्या फोटोवरून कळतो.

आता मतभेदाचा मुद्दा. मदत संस्थांचे अर्जच धोकादायक असतात. पासपोर्टचं स्कॅन, घरचा पत्ता, लपलेल्या जागेचा पत्ता, बातमीचे स्रोत, सगळं एका वर्ड फाइलमध्ये, साध्या ईमेलवर. तीच फाइल पाच संस्थांना पाठवली जाते. पहिल्या अर्जात नाव, काम, धोका आणि तातडी एवढंच मागा. बाकीचं सिग्नल या एन्क्रिप्टेड मेसेजिंग ॲपवर, गरज पडेल तसं.

हिशेबनीस

सिमकार्ड, अर्ज छोटा करा म्हणणं सोपं आहे. पैसे देणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो, आणि खोटे अर्ज येतात. नेहमीची खूण म्हणजे धमकीचा स्क्रीनशॉट असतो, पण त्यावर तारीख नाही, नंबर नाही. बातम्यांच्या लिंका असतात, पण सगळ्या धमकीनंतरच्या. म्हणून एकमेकांना न ओळखणारे दोन संदर्भ लागतात: एक संपादक किंवा सहकारी, एक स्थानिक पत्रकार संघटनेतला. एकाच संघटनेचे दोघे चालत नाहीत, कारण संघटनेतले गटतट अर्जातही उतरतात. पडताळणीला वेळ जातो तो इथेच, फॉर्म भरायला नव्हे.

अर्जदारांना एक सांगणं. एका पानावर तारीखवार घटनाक्रम लिहा: कधी, काय, कुणी, तक्रार केली का. खाली खर्चाच्या ओळी. 'मला मदत हवी आहे' यावर समिती दोन आठवडे बसते. 'सहा आठवड्यांचं भाडं इतकं, वकिलाची पहिली फी इतकी, तिघांचं बसभाडं इतकं' यावर दोन दिवसांत निर्णय होऊ शकतो. कुठे कुठे अर्ज केलाय तेही मोकळेपणाने लिहा. 'जर्नलिस्ट्स इन डिस्ट्रेस' या जाळ्यातल्या संस्था एकमेकींशी बोलतात. तुम्ही लपवलंत तरी कळतं, आणि सांगितलंत तर दोन संस्था खर्च वाटून घेऊ शकतात. हे जाळं २००६ पासून नेमकं याच कामासाठी आहे.

उंबरठा, 'छोटी रक्कम तिथल्या तिथे' हा तुमचा सगळा मांडव बँकेच्या खांबावर उभा आहे, आणि तो खांब कच्चा आहे. निर्बंध लागलेल्या देशात व्यवहार मुळात बेकायदा नसला तरी मधली बँक घाबरून तो अडवते. पैसे तीन आठवडे अडकतात आणि मग शुल्क कापून परत येतात. व्यवहाराच्या तपशिलात 'पत्रकार मदत' लिहिलं की वेगळाच घोळ. रशियात २०१५ च्या कायद्याने संस्थेला 'अवांछित' ठरवता येतं आणि तिच्याशी संबंध ठेवणं गुन्हा होऊ शकतं. मेदुझा या वृत्तसंस्थेला जानेवारी २०२३ मध्ये तसं ठरवलं. अशा ठिकाणी मदत पाठवणं म्हणजे सरकारी वकिलाला पुरावा पाठवणं. पावती मागणंसुद्धा धोक्याचं. त्या पत्रकाराच्या घरी सापडलेली पावती आरोपपत्राला जोडली जाते. तिथे माणूस बाहेर काढणं स्वस्तही पडतं आणि सुरक्षितही.

उंबरठा

पैसे पोचवण्याची अडचण मान्य, पण तिच्यावर वाटा आहेत. घरभाडं थेट घरमालकाला, फी थेट वकिलाला, तिकीट थेट कंपनीकडून. मीडिया डिफेन्स ही संस्था वकिलाच्याच खर्चाला मदत करते. पत्रकाराच्या खात्याला हातच लावायचा नाही. आणि जिथे हेही जमत नाही त्या मोजक्या देशांवरून सगळ्या जगाचं धोरण कशाला?

कोर्टकचेरी

'टिकवणं' म्हणजे काय होतं तेही बघा. मेक्सिकोत २०१२ च्या कायद्याने पत्रकारांसाठी सरकारी संरक्षण यंत्रणा आहे, कोलंबियात २०११ पासून राष्ट्रीय संरक्षण विभाग आहे. मिळतं काय? पॅनिक बटण, बुलेटप्रूफ जाकीट, अंगरक्षक, चिलखती गाडी. बटणाला मोबाइल नेटवर्क लागतं. डोंगरात ते नसतं, आणि असलं तरी निघणारी पोलिस गाडी कधीकधी त्याच ठाण्याची असते ज्याच्याविरुद्ध बातमी आहे. अंगरक्षक शेजारी बसलेला असताना कुठला स्रोत तोंड उघडेल? संरक्षणाखाली असूनही मेक्सिकोत पत्रकार मारले गेलेत.

जाकिटाचंही नीट समजून घ्या. मऊ, आयआयआयए दर्जाचं (ही अमेरिकी मानकातली श्रेणी) जाकीट पिस्तुलाची गोळी थांबवतं, रायफलची नाही. त्यासाठी आत कडक प्लेट हवी, पुढे एक, मागे एक, आणि वजन एकदम वाढतं. शिवाय ते सीमेपलीकडे न्यायला कित्येक देशांत परवाना लागतो, नाहीतर कस्टममध्येच अडकतं. म्हणून आरएसएफने (रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स) मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधल्या ल्वीवमध्ये केंद्र उघडून तिथूनच जाकिटं आणि हेल्मेटं उसनी द्यायला सुरुवात केली. ही मदत युद्धभूमीवर कामाची. घराबाहेर मोटारसायकलवर येऊन गोळी झाडणाऱ्यापुढे तिचा फारसा उपयोग नाही.

हिशेबनीस

यावर मात्र मी उंबरठाच्या बाजूला. बाहेर काढलेल्याची चौथ्या महिन्यानंतरची सोय कोण करतं? आयकॉर्न या जाळ्यातली, धोक्यातल्या लेखक-पत्रकारांना आसरा देणारी निवारा शहरं दोन वर्षं ठेवून घेतात, पण शहर आणि माणूस यांची जोडणी व्हायला वेळ लागतो, त्यामुळे ती आणीबाणीची मदत धरताच येत नाही. बर्लिनचा जेएक्स फंड २०२२ मध्ये हेच ओळखून निघाला: माणसासोबत त्याचं वृत्तमाध्यमही परदेशात उभं राहावं म्हणून. तो अपवाद. बाकीच्यांच्या नोंदवहीत विमान उतरलं की प्रकरण बंद.

तळटीप

एवढ्या चर्चेत फिक्सर (परदेशी बातमीदाराला तिथल्या ओळखी आणि भेटी जुळवून देणारे स्थानिक लोक), दुभाषे आणि ड्रायव्हर कुठे आहेत? त्यांच्या नावावर बातमी नसते, म्हणजे हिशेबनीसांच्या पडताळणीत ते पहिल्या चाळणीतच गळतात. परदेशी बातमीदार मुक्काम संपला की निघून जातो, हे तिथेच राहतात.

हिशेबनीस

गळतात, खरं आहे. रोरी पेक ट्रस्ट फ्रीलान्सरांसाठीच १९९५ मध्ये निघाला, पण कामाचा पुरावा त्यांनाही लागतोच. त्यावर उपाय काम संपतानाच करायचा: ज्या बातमीदारासोबत काम केलं त्याच्याकडून कार्यालयाच्या पत्रावर सही घ्या. कुठल्या तारखांना, कुठल्या भागात, कुठल्या बातमीवर, आणि त्याचा चालू ईमेल. पैसे दिल्याची नोंदही चालते. पत्राची प्रत देशाबाहेरच्या ओळखीच्या माणसाकडे ठेवा, खिशात नको. नाक्यावर झडती झाली तर ते पत्रच गोत्यात आणतं.