'हवा' आणि 'वायू' : फरक काय?

प्रश्न (ठाणे): घोडबंदर रोडला पंपावर गाडी लावली की पोरगा विचारतो, "साधी हवा की नायट्रोजन?" नायट्रोजनला पैसे पडतात. हवा म्हणजे वायूच ना? की हवा अरबी-फारसीकडून आली आणि वायू संस्कृतातून, एवढाच फरक?

ऐरोली: फरक आहे. शास्त्राच्या मराठीत वायू म्हणजे एकेक घटक, हवा म्हणजे त्यांचं मिश्रण. कोरड्या हवेत नायट्रोजन 78.08 टक्के, ऑक्सिजन 20.95, अरगॉन 0.93, कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04. 'कोरड्या' म्हणायचं कारण वाफेचं प्रमाण सारखं बदलतं. खाडीकाठी जुलैत विचारूच नका. तेव्हा 'साधी' हवा भरलीत तरी टायरात पाऊण हिश्शाहून जास्त नायट्रोजनच जातो, तोही फुकट. तिसरा नंबर बहुतेकांच्या मते कार्बन डायऑक्साइडचा असतो. बिचारा अरगॉन! 1894 साली रॅले आणि रॅम्झे यांनी वेगळा काढेपर्यंत तो नायट्रोजनच्याच खात्यात मोजला जात होता.

वाशी: पुस्तकातलं ठीक, पण बोलताना 'वायू' म्हणतं कोण? पोटात झाला तरच. तुर्भे-महापे पट्ट्यात वास आला की लोक 'गॅस सुटलाय' म्हणतात. हवापालट, हवामान, हवाबंद डबा, सगळीकडे हवाच. हिंदीवाल्यांची वायुसेना, आपलं हवाई दल. प्राणवायू पेपरात, दवाखान्यात 'ऑक्सिजन लावलाय'.

कळवा: नत्र विसरलात. गावी आमचे काका खताच्या दुकानात 'नत्र, स्फुरद, पालाश' सहज बोलतात. तेच काका इथे पंपावर 'नायट्रोजन मार रे' म्हणतात. वस्तू एकच, पण शेतातला नत्र टायरात शिरत नाही.

प्रश्नकर्ता: मग 'वायुप्रदूषण' चुकीचं का? फलकावर पीएम 2.5 लिहितात, ते तर धूळ-धुराचे अगदी बारीक कण. वायू नव्हेत.

ऐरोली: चूक नाही. तिथला वायू पंचमहाभूतांतला, म्हणजे हवाच. 'गॅस' हा अर्थ त्याला नंतर चिकटला. प्राणवायूचंही तेच: योगात प्राण, अपान, व्यान, उदान, समान असे पाच वायू, त्यांतला प्राण म्हणजे काही ऑक्सिजन नव्हे. 'हवेचं प्रदूषण' लिहिलंत तर मात्र कोणी अडखळणार नाही. मी तेच लिहितो.

वाशी: आणि पंपावर?

ऐरोली: साधी.