इलेक्ट्रिक स्कूटर: मोठी बॅटरी घ्यायची की लागेल तेवढीच?

खुंटीवरची चावी
माझं रोजचं जाणं-येणं धरून २४ किमी, पार्किंगमध्ये प्लग आहे, तरी ज्याला विचारावं तो म्हणतो मोठ्यातली मोठी बॅटरी घे. का बाबा? किमीला ३० वॉट-तास धरले तर रोजचे ७२०, म्हणजे पाऊण युनिटसुद्धा नाही. ३ युनिटची बॅटरी घेतली आणि २० टक्क्यांच्या खाली कधी जाऊच दिली नाही तरी तीन दिवस निघतात. मग जास्तीचं वजन रोज कशाला वाहायचं आणि त्याचे पैसे कशाला मोजायचे? आधी प्लग कुठे आहे ते बघा, मग रोजचे किमी मोजा, ब्रोशरमधली रेंज सगळ्यात शेवटी. पटत नसेल तर बोला.

घाटरस्ता
नाही पटत. ३० वॉट-तास हा एकट्याचा, सपाट रस्त्यावरचा, सावकाश चालवणाऱ्याचा हिशोब झाला. डबलसीट चढ चढा, नाहीतर रस्ता मोकळा दिसला की ताणून बघा, मग कळेल. वेग चाळीसचा ऐंशी केला की हवेचा विरोध चौपट होतो, दुप्पट नाही!! थंडीत बॅटरी हात आखडता घेते ते वेगळंच, आणि काही वर्षांनी तिची ताकद उतरते तेव्हा आजची तीन दिवसांची गाडी दोन दिवसांवर येते. शिवाय तेवढ्याच किमीला मोठ्या बॅटरीच्या सायकल (म्हणजे फुल ते रिकामी आणि परत फुल अशा फेऱ्या, त्या मोजक्याच मिळतात) कमी खर्च होतात, हे तुम्ही धरलंच नाहीत.

खुंटीवरची चावी
सायकलचं मान्य, पण मग तेही मोजूया की. हजार फुल सायकल धरल्या तर कागदावर लाखभर किमी, रोज २४ ने अकरा वर्षं. तोवर बॅटरी नुसती उभी राहूनच म्हातारी झालेली असेल, त्यातून फुल चार्ज करून उन्हात ठेवायची सवय असेल तर अजून लवकर. न वापरलेल्या सायकल काय लोणच्यात घालायच्या?

तिसरा मजला
तुम्हा दोघांना खाली प्लग आहे म्हणून हे भांडण सुचतंय 😄 माझ्याकडे काढता येणाऱ्या दोन बॅटऱ्या आहेत, एकेक दहा-अकरा किलोची. शोरूममध्ये उचलली तेव्हा वाटलं यात काय एवढं, पण रात्री दमून आल्यावर जिना चढताना तिचं हँडल बोटांच्या पेरात रुततं, दुसऱ्या मजल्यावर खाली ठेवून हात बदलावा लागतो आणि मग आठवतं की दुसरी अजून खालीच आहे. एकदा पावसात बॅटरी बसवताना कनेक्टर ओला झाला, सकाळी गाडी चालूच होईना, फडक्याने पुसून अर्धा तास वाळवत बसलो. तरी परत हीच घेईन, कारण पर्यायच नाही. पण प्लग असताना काढता येणारी घेऊ नका, हौस एका आठवड्यात फिटते.

नट-बोल्ट
बॅटरीवरच अडकलात सगळे, मोटरचं कोणी बोलेना. हब मोटर म्हणजे चाकातच मोटर, बेल्ट-चेनची कटकट नाही, पण ट्यूबवाला टायर असेल आणि मागचं चाक काढायची वेळ आली तर आधी वायर सोडवा, आणि चाकही जड. बेल्टवाली चढाला बरी वाटते पण बेल्टकडे लक्ष ठेवावं लागतं. आणि आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) लिहिलंय म्हणून पुरात घालू नका, ती टेस्ट एक मीटर गोड्या साध्या पाण्यात अर्ध्या तासाची असते, वाहत्या चिखलाची नाही. बरं, बॅटरीत सेल कोणते ते विचारलंत का? एलएफपी आणि एनएमसी हे लिथियम बॅटरीचेच दोन प्रकार. एलएफपी जड असते पण सायकल जास्त देते, एनएमसी हलकी. एलएफपी असेल तर वर चावीसाहेबांनी धरलेल्या हजार सायकल फारच कमी आहेत.

घाटरस्ता
म्हणजे एलएफपी असेल तर माझा सायकलचा मुद्दा गेला, ठीक आहे, सोडला. चढाचा नाही सोडत. चावीसाहेब, तुमच्या २४ किमीत चढ किती आणि मागे कोण बसतं ते सांगितलंच नाहीत.

खुंटीवरची चावी
चढ एकच, पण चांगला लांब आहे. मागे सौ. बसते, आठवड्यातून तीन दिवस. हे आधी लिहायला हवं होतं, खरंय. रविवारी टेस्ट राइडला तिला घेऊनच जातो, त्याच चढावर, आणि वर पोचल्यावर किती टक्के उतरले ते इथे टाकतो.