पोर्टेज, पीस, फॅक्टरी: फरच्या व्यापाऱ्याच्या रोजनिशीतले शब्द मराठीत कसे आणायचे?

अलेक्झांडर मॅकेन्झीची १७८९ ची रोजनिशी वाचतेय, वाचनगटासाठी थोडा भाग मराठीत करून द्यायचाय. फरचा व्यापार करणाऱ्या नॉर्थ वेस्ट कंपनीचा हा माणूस ३ जूनला आजच्या कॅनडातल्या फोर्ट चिपेवायन या ठाण्याहून होड्या घेऊन निघाला, पॅसिफिकला पोचू या आशेवर, आणि नदीने नेऊन सोडलं आर्क्टिकला. गोष्ट भारी आहे पण शब्दांवर अडलंय. पोर्टेजला काय म्हणू? बीव्हर म्हणजे ऊदमांजरच ना? आणि अनचार्टेड नद्या म्हणजे 'अज्ञात नद्या' चालेल का?

---

ताई, ऊदमांजर अजिबात नको!! त्याने कुणाला ऑटर, म्हणजे पाणमांजर वाटेल, ते आपल्याकडच्या नद्यांत असतं, मासे खातं. बीव्हर हा उंदीर-घुशीच्या गोतावळ्यातला, झाडं कुरतडून पाडणारा आणि ओढ्याला बांध घालणारा. त्यातून या व्यापारात ऑटरची कातडी पण यायची, म्हणजे दोन्ही एकाच यादीत आले की तुम्ही कुठल्याला काय म्हणणार? बीव्हरच ठेवा.

आणि फरला लोकर म्हणू नका प्लीज. बीव्हरच्या वरच्या राठ केसांखाली बारीक मऊ लव असते, हॅटवाल्यांना हवी होती ती, तिचा नमदा करून युरोपात हॅट बनायच्या. नमदा हा शब्द आपल्याकडे आहेच की, वापरा.

---

पोर्टेजबद्दल. धबधबा किंवा द्रुतवाह (खडकांवरून वेगाने खळाळणारं पाणी) आला की होडी रिकामी करायची, माल पाठीवर घ्यायचा, बर्चच्या सालीची होडी खांद्यावर, आणि चालत पुढच्या पाण्यापर्यंत. ही क्रिया पण पोर्टेज आणि ती वाट पण पोर्टेज, घोळ तिथे आहे. मेथी पोर्टेज नावाची वाट साधारण १९ किलोमीटरची आहे, पीटर पाँड नावाचा फरचा व्यापारी १७७८ मध्ये ती ओलांडून अथाबास्का नदीच्या खोऱ्यात उतरला. (मेथी म्हणजे आपली भाजी नव्हे, एका माशाचं क्री या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं नाव.) मी वाटेला 'उचलवाट' म्हणेन.

आणि एक सापळा सांगून ठेवतो, 'पीस' आला की तुकडा लिहू नका. पीस म्हणजे सुमारे ९० पौंडांचं बांधलेलं गाठोडं, आणि गडी एका खेपेला अशी दोन न्यायचा, पट्टा कपाळावर आणि ओझं पाठीवर. म्हणजे शब्दशः माथाडीच झाले हे लोक.

---

उचलवाट नको हो दादा, आमच्या बीडकडं उचल म्हणजे ऊसतोडीला जायच्या आधी मुकादमाकडून घेतलेले पैसे, दुसरं काही डोक्यात येतच नाही. सरळ 'होडी वाहून न्यायची वाट' लिहा, लांब झालं तर झालं.

---

फॅक्टरीचं कुणी बोललं नाही. मॅकेन्झीकडे फोर्ट आहेत पण ताई, पुढे हडसन्स बे कंपनीचं, म्हणजे फरच्या व्यापारातल्या दुसऱ्या मोठ्या कंपनीचं, वाचलंत तर यॉर्क फॅक्टरी, मूस फॅक्टरी येणारच. मी एका ठिकाणी चक्क 'यॉर्क कारखाना' वाचलंय, तिथे काय बिस्किटं बनत होती का? आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, वखार. सुरतेची वखार, राजापूरची वखार (१६६१ मध्ये महाराजांनी लुटली ती). माल साठवायचा, देवघेव करायची, कंपनीचा माणूस तिथे राहणार, काम तेच. हडसन्स बेची सनद १६७० ची, म्हणजे काळ पण जुळतो. तिथे फॅक्टर म्हणजे वखारीचा मुख्य. त्यांचा हिशोब पण मजेशीर, 'मेड बीव्हर' म्हणजे उत्तम प्रतीच्या एका कातड्याची किंमत, आणि बंदुका, किटल्या, ब्लँकेटं सगळं त्यातच मोजायचं.

जर्नलला रोजनिशी बरोबर आहे. रोजकीर्द नको, त्यात पैशाचा वास येतो.

---

'अज्ञात' वर माझा आक्षेप. कुणाला अज्ञात? मॅकेन्झी गेला त्या नदीकाठी डेने हे तिथले मूळ रहिवासी राहत होते, त्यांचं नदीला नाव पण होतं, देहचो, म्हणजे मोठी नदी. मॅकेन्झीबरोबर वाटाड्या आणि दुभाषी म्हणून 'इंग्लिश चीफ' नावाने ओळखला जाणारा म्होरक्या होता, त्याच्या बायका पण सोबत. काठावर भेटेल त्याला पुढे काय आहे विचारत विचारत हा चाललाय आणि आपण लिहायचं अज्ञात? 'नकाशात न आलेल्या नद्या' लिहा, खरं तेवढंच आहे.

---

हे पटलं, नकाशात न आलेल्या असंच करते. वखार तर फारच आवडलं. आता शेवटचं, हे होडीवाले अंतर पाइपमध्ये मोजायचे ना, तंबाखू ओढायला थांबायचे त्या दोन थांब्यांमधलं अंतर. मी 'तीन चिलमींचा पल्ला' केलंय. कसं वाटतंय?

---

पल्ला मस्त, चिलीम नको. चिलीम म्हटलं की गांजा आणि गोसावी दिसतात.

---

का नको? आमचे आजोबा तंबाखूच ओढायचे चिलमीतून. ठेवा तुम्ही ताई.