मदत हवी आहे: डेल्टामेथ्रिन मारूनही गायींच्या पायांवरच्या माश्या हटेनात

डेल्टामेथ्रिन 1.25 टक्के, लिटरला 2 मिली, पाठीवरून फवारणी. पूर्वी आठवडाभर निभायचं, आता दुसऱ्या दिवशी तेवढ्याच माश्या. सायपरमेथ्रिननेही तेच. डोस दुप्पट केला तर चालेल का?

प्रतिसाद 1
डोस वाढवू नका. दोन्ही पायरेथ्रॉइड या एकाच गटातली कीटकनाशकं, म्हणजे बाटली बदलली, औषध तेच राहिलं. जास्त डोसने कच्च्या माश्या मरतात, चिवट तेवढ्या उरतात, शिवाय दुधात अंश उतरतो तो वेगळाच.

आधी माशी बघा. पाठीवर-खांद्यावर डोकं खाली करून बसणारी बारीक माशी म्हणजे हिमाटोबिया. ती अंडी घालायला ताज्या शेणावर उतरते, एरवी जनावरावरच असते. सतत औषधात राहिल्यामुळे तिच्यात प्रतिकार लवकर येतो. पायावर डोकं वर करून बसलेली, सोंड पुढे रोखलेली असेल तर स्टोमॉक्सिस. ती दिवसातून एक-दोनदा रक्त पिते आणि भिंतीवर जाऊन बसते. तुमची हीच दिसते. पाठीवरचं औषध पायापर्यंत पोचत नाही, पोचलंच तर चिखल-मुतात धुऊन जातं. त्यामुळे प्रतिकार आहे असं लगेच धरू नका.

तपासायचं तर फिल्टर पेपर फवारणीच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवा आणि काचेच्या बाटलीत घाला. दुसऱ्या बाटलीत नुसत्या पाण्याचा कागद. दोन्हींत 20-20 माश्या, साखरपाण्याचा बोळा, तोंडाला जाळी. एका तासाने उताण्या पडलेल्या मोजा, 24 तासांनी मेलेल्या. पाण्याच्या बाटलीत चारपेक्षा जास्त मेल्या तर चाचणी बाद.

प्रतिसाद 2
तासाभरात पडल्या म्हणजे मेल्या असं समजू नका, घोळ इथेच होतो. पडून पुन्हा उडाल्या तर शरीरातली एन्झाइम औषध पचवत असावीत. पडल्याच नाहीत तर केडीआरचा (औषधाने माशी पडतच नाही अशा प्रतिकाराचा) संशय घ्या: औषध जिथे चिकटतं ती मज्जातंतूतली सोडियम वाहिनीच बदललेली असते.

औषध बदलताना कंपनी नाही, गट बघा. गटांचे कोड असे: पायरेथ्रॉइड 3ए, ऑर्गॅनोफॉस्फेट (वेगळ्या प्रकारे काम करणारा गट) 1बी. दुभत्या गायीला चालेल का आणि दूध किती दिवस वगळायचं, हे लेबल आणि पशुवैद्य सांगतील तसंच.

आणि गव्हाणीखाली उकरा. मुतात भिजलेल्या कुजक्या वैरणीत, वरचा थर सुका दिसला तरी, खाली पांढऱ्या अळ्या वळवळत असतात. उष्ण हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे. दर आठवड्याला ते काढून उन्हात पातळ पसरा. ढीग मारून ठेवलात तर कडेच्या ओलीत पुन्हा पैदास.