तारामाशाची नवी जाती ‘वर्णिली’ की ‘सापडली’?

दादरहून (मूळ प्रश्न) :
शाळकरी मुलांसाठी भरणाऱ्या समुद्रजीवांच्या प्रदर्शनातील फलकांचे मी मराठी भाषांतर करत आहे. तारामाशांच्या फलकावर एक नवी स्पीशीज ‘डिस्क्राइब’ झाल्याचे वाक्य आहे आणि तिथे मी अडले. ‘वर्णन केले’ असे लिहिले तर तो प्राणी कसा दिसतो एवढेच कोणी तरी सांगितले असे वाटते, ‘शोध लावला’ म्हटले तर मुलांना यंत्राचा शोध आठवतो, आणि ‘सापडली’ हे तर सरळ चुकीचे ठरते. कारण संग्रहालयातील बरणीत वर्षानुवर्षे ठेवलेला नमुना वेगळ्या जातीचा असल्याचे फार उशिरा ध्यानात येऊ शकते. सापडणे आणि ‘डिस्क्राइब’ होणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. दुसरीला काय म्हणावे?

मुलुंडहून :
ताई, मी प्राणिशास्त्र शिकवत असे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाची सुरुवात स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या १७५८ सालच्या आवृत्तीपासून धरतात. आज नव्या जातीचे नाव ग्राह्य धरले जाण्यासाठी ते वर्णनासह, म्हणजे इतर जातींहून तिचे वेगळेपण सांगून प्रसिद्ध व्हावे लागते आणि सहसा एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या नावाचा आधारभूत नमुना, म्हणून ठरवून द्यावा लागतो. तारामाशाच्या बाबतीत हातांची संख्या, कडेच्या पट्टिका आणि त्यांवरील काटे, पाठीवरची चाळणीसारखी तबकडी, हे सारे नोंदवतात. केंद्रापासून हाताच्या टोकापर्यंतचे अंतर आणि केंद्रापासून दोन हातांमधील खाचेपर्यंतचे अंतर यांचे गुणोत्तरही देतात, कारण त्यावरून तारा सडपातळ आहे की पंचकोनी, हे चित्राशिवायही कळते. म्हणून ‘शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले’ असे लिहावे. मात्र फलकावर ‘प्रजाती’ येऊ देऊ नका. पाठ्यपुस्तकात मोठ्या गटाकडून लहान गटाकडे कुल, प्रजाती, जाती असा क्रम आहे. स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती.

गिरगावहून :
काका, आपला क्रम मान्य आहे, परंतु मुंबईत रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ‘नवी प्रजाती’ म्हणजे स्पीशीजच वाटते. ‘जाती’ म्हटले की त्याच्या मनात आधी समाजातील जात येते. शिवाय ‘प्रजा’ म्हणजे संतती. ज्यांची आपसात प्रजा वाढते ती प्रजाती, ही व्युत्पत्ती स्पीशीजलाच अधिक शोभते.

मुलुंडहून :
ही व्युत्पत्ती आकर्षक असली तरी दोन्ही शब्द ‘जन्’ धातूचेच आहेत. स्पीशीजसाठी ‘प्रजाती’ हा हिंदीतील वापर आहे आणि तिथे जीनसला ‘वंश’ म्हणतात. आपण त्यांचा अर्धाच संच उचलला, तर एकाच शब्दाने दोन पायऱ्या दाखवाव्या लागतील आणि दहावीचा विद्यार्थी गोंधळेल. आंब्याच्या आणि तांदळाच्या जाती आपण कसलाही संकोच न करता म्हणतोच.

वेसाव्याहून :
जातीचे ठरेल तेव्हा ठरेल, पण जो मासाच नाही त्याला मुलांपुढे ‘तारामासा’ का म्हणावे? त्याला कल्ले नाहीत, कणा नाही, रक्तही नाही. तो अंगात खेळवलेल्या पाण्याच्या दाबावर नलिकापाद, म्हणजे नळीसारखे बारीक पाय, हलवून चालतो. अमावास्येच्या ओहोटीला वाळूत रुतणारा तारा मी लहानपणी बसून पाहिला आहे. तो हात न हलवता जागच्या जागी खाली जात होता, आणि शेवटी वाळूवर फक्त पाच टोकांची पुसट खूण राहिली. त्याला ‘सागरतारा’ म्हणावे.

गिरगावहून :
दादा, तुमच्याच बाजारात कोलंबी, चिंबोरी आणि माकुल हे सारे मासळीतच मोडतात ना? त्यांतील एकही शास्त्राच्या दृष्टीने मासा नाही. ‘तारामासा’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. तो मोडून नवा घडवण्याची गरज मला दिसत नाही.

दादरहून :
सर्वांचे मनापासून आभार. ‘जाती’ आणि ‘तारामासा’ हे दोन्ही शब्द मी ठेवते आहे. पण ‘शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले’ हे चौथीच्या मुलाला जड जाईल. ‘नव्या जातीचे बारसे झाले’ असे लिहिले तर चालेल का?

मुलुंडहून :
बारशात फक्त नाव ठेवतात. वेगळेपण सिद्ध करण्याचे श्रम त्यात येत नाहीत आणि तेच तर मुलांना कळायला हवे.

वेसाव्याहून :
कोलंबीला आम्ही मासळी म्हणतो, मासा म्हणत नाही. या दोन शब्दांत फरक आहे आणि तो कोळीवाड्यातील लहान मुलालाही कळतो.